सातवीची तयारी कधीपासून लावायची? (मराठी माध्यम, खानापूर-बेळगाव-निपाणी भाग)

जांबोटीरोड

नमस्कार मंडळी. थोरली मुलगी यंदा चौथीत गेली. गावातलीच सरकारी मराठी शाळा, पहिली ते सातवी, शिक्षक मोजकेच. बाई चांगल्या आहेत, पोरगी आवडीनं जाते.

माझी जाऊ बेळगावच्या शहापुरात राहते. तिनं मुलाला तिसरीपासून क्लास लावलाय. जत्रेला आली तेव्हापासून मागं लागलीय, "सातवीची परीक्षा म्हणजे काय चेष्टा हाय? आतापासून लाव तयारी, नाहीतर हायस्कूलला गेल्यावर पोरगी बसंल रडत." आमचे हे म्हणतात सातवीला आता परीक्षाच नसते, सगळ्यांना वर ढकलतात, आठवीत बघू. आणि सासरे म्हणतात, त्यांच्या वेळी पोरगं सातवी पास झालं की गावात पेढे वाटायचे. घरात तीन माणसं, तीन मतं.

क्लास खानापुरात. म्हणजे बस आली, आणि पावसाळ्यात आमच्या रस्त्याची बस कशी असते ते इकडच्यांना सांगायला नको. नक्की कधीपासून आणि कशाची तयारी करायची? ज्यांची मुलं यातून पार पडलीत त्यांनी सांगावं. मी स्वतः दहावीपर्यंत शिकलेय.

वडगावचा_मागवाला

चौथीत? खेळू द्या की ओ पोरीला. आमचं पोरगं सातवीपर्यंत पतंग उडवत होतं, आता डिप्लोमा करालंय.

निवृत्त_हेडमास्तर

ताई, तिघांचंही थोडं थोडं खरं आहे, कारण तिघं तीन वेगवेगळ्या काळांतलं बोलतायत.

तुमच्या सासऱ्यांच्या वेळची सातवी खरोखरच मोठी होती. १९५६ पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात. तेव्हा सातवीला व्हर्नाक्युलर फायनल असायची आणि फायनल झालेल्या माणसाला प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळायची. म्हैसूर राज्यात गेल्यावरही सातवीला पब्लिक परीक्षा होतीच, जुनी माणसं तिला मुलकी म्हणतात. तिच्यात नापास होऊन पोरं घरी बसायची, शेतात जायची. मुली तर जास्तच. म्हणून पेढे.

आता ते नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं ३० वं कलम सांगतं की आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलावर बोर्डाची परीक्षा पास होण्याची सक्ती नाही. २०१९ मध्ये कायद्यात बदल झाला. पाचवी आणि आठवीच्या शेवटी परीक्षा घेता येईल, नापास झालेल्याला दोन महिन्यांत दुसरी संधी द्यायची, आणि मागं ठेवायचं की नाही हे राज्यानं ठरवायचं. त्या बदलातसुद्धा सातवी नाही, पाचवी आणि आठवी आहे. तेव्हा तुमच्या मालकांचं कागदावर बरोबर आहे.

पण कागदावरच. सातवीत पेपर असतात, गुणही असतात, फक्त ते शाळेच्या पातळीवर. आणि सातवी संपली की गावची शाळा संपते. पोरगी नव्या गावात, नव्या वर्गात, विषयाला एक शिक्षक अशा हायस्कुलात जाऊन बसते. सातवीच्या पेपराला तयारीची फारशी गरज नाही. आठवीच्या जून महिन्याला आहे. माझं आयुष्य प्राथमिक शाळेत गेलं, मी तरी असंच बघत आलो.

घटप्रभा_पॅसेंजर

गुरुजी, पाचवी-आठवीच्या बोर्डाचं नका आठवण करून देऊ. २०२४ च्या मार्चमध्ये आमच्या धाकट्याची पाचवी होती. पेपर सुरू झाले, दोन झाले, आणि सुप्रीम कोर्टाचा आदेश आला म्हणून मध्येच थांबले. पोरगं पुस्तकं माळ्यावर टाकून क्रिकेटला. मग हायकोर्टाचा निकाल आला, परत पुस्तकं खाली, उरलेले पेपर दिले. एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं निकालच लावू नका म्हणून सांगितलं. आदल्या वर्षी २०२३ लाही कोर्टकचेरी झालीच होती. पोरगं विचारालं, "पप्पा, मी पास की नापास?" काय सांगू?

तेव्हापासून मी घरात सांगून टाकलंय की सरकारी परीक्षा बघून तयारी करायची नाही. दर दोन वर्षांनी बदलतंय.

निपाणीची_लेक

वरची चर्चा बरोबर आहे पण मुलगी चौथीत आहे म्हटल्यावर सातवीच्या आधी पाचवीचं बोला. आपल्याकडच्या मुलांना खरी स्पर्धेची परीक्षा पाचवीत लागते, कारण बहुतेक निवासी शाळांचा प्रवेश सहावीला आहे. नवोदय (केंद्र सरकारची), मोरारजी देसाई (राज्य सरकारची), सैनिक शाळा, आणि निवासी नसलं तरी आदर्श विद्यालय, सगळं सहावी. सातवी-सातवी करत बसलात तर ही गाडी कधी गेली ते कळणारसुद्धा नाही.

माझा भाचा नवोदयला बसला होता, त्यामुळं तेवढं नीट सांगू शकते. आपल्या जिल्ह्याचं नवोदय चिक्कोडी तालुक्यात कोथळीला आहे. पाचवीत असतानाच परीक्षा देता येते, तीही आयुष्यात एकदाच. ८० प्रश्न, १०० गुण, २ तास. त्यात ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे (आकृत्यांचे, एकही अक्षर वाचायला लागत नाही), २० गणिताचे, २० भाषेचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पेपर कोणत्या भाषेत पाहिजे ते फॉर्म भरतानाच निवडायचं असतं.

आता ताईंसाठी महत्त्वाचं. नवोदयच्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांच्या. पण ग्रामीण धरायला तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्णपणे ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली असावी लागतात. आमच्या शेजारच्यांनी मुलगा हुशार म्हणून चौथीत शहरातल्या शाळेत घातला, नवोदयचीच तयारी चांगली व्हावी म्हणून! ग्रामीणमधून गेला की बाहेर. त्यामुळं कोणी "चौथीला शहरात आणा" म्हणत असेल तर आधी हा हिशेब करा. तुमची मुलगी आता आहे तिथंच बसून त्या ७५ टक्क्यांत आहे. मुलींसाठी एकतृतीयांश जागा वेगळ्या आहेत त्या आणखी.

आणि सुरुवात कधी, तर चौथीच्या दिवाळीनंतर. कारण सांगते. परीक्षा पाचवीचं वर्ष संपायच्या आधी, थंडीतच होते. त्यात अपूर्णांक, दशांश, लसावि-मसावि, परिमिती-क्षेत्रफळ येतं, आणि शाळेत तोवर ते सगळं शिकवून झालेलं नसतं. पाचवीच्या जूनला सुरू करणारा त्यामुळं कायम धावत राहतो. चौथीच्या उन्हाळी सुट्टीत अपूर्णांक झाला तर पुढं निवांत.

वडगावचा_मागवाला

म्हणजे चौथीपासूनच लावायची की चाबूक. ८० जागा आहेत हो त्या. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाखांच्या वर. ८० पोरं आत जाणार, बाकीच्या हजारो पोरांना दहाव्या वर्षी कळणार की आपण नापास. हे बरं आहे का?

निपाणीची_लेक

चाबूक कोण म्हणालं? भाचा रोज संध्याकाळी अर्धा-पाऊण तास बसायचा, ते पण आकृत्यांचं कोडं म्हणून हौसेनं. निवड झाली नाही. पण पाचवीत केलेला अपूर्णांक त्याला सातवीपर्यंत पुरला. घरात कोणी "नापास" हा शब्द काढला नाही म्हणून त्यालाही तसं वाटलं नाही. पोराला काय वाटतं ते आपण काय बोलतो त्यावर असतं.

सुभेदार_साहेब

सहावीच्या प्रवेशात बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूल राहिलं. आपल्या गावागावांत मराठा लाइट इन्फंट्रीतले लोक आहेत, जवानांच्या मुलांसाठी तिथं मोठा हिस्सा राखीव असतो आणि तरी अर्धी घरं फॉर्म भरत नाहीत. १९४५ पासूनची शाळा आहे, गावातली. मुलींसाठी कित्तूरची राणी चन्नम्मा सैनिक शाळाही सहावीलाच प्रवेश परीक्षा घेऊन भरती करते. वयाची अट आधी बघा. आपल्याकडं दाखल्यावर जन्मतारीख १ जून टाकायची जी सवय होती तिनं कित्येकांचं नुकसान केलंय.

चंदगडी_पाहुणा

आमच्याकडं (सीमेच्या अल्याड, महाराष्ट्रात) स्कॉलरशिप असते तशी तुमच्याकडं नाही का? इकडं पूर्वी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला नेली, आता परत चौथी-सातवीवर आणायचा निर्णय झालाय. तेव्हा परीक्षेचं वर्ष बदलायचा खेळ दोन्ही सरकारं खेळतात, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या बहिणीची मुलं बेळगाव तालुक्यात आहेत. ती आमच्या मुलांची जुनी स्कॉलरशिपची पुस्तकं घेऊन जातात. गणित आणि बुद्धिमत्तेची चालतात. भाषेचं पुस्तक तेवढं नेऊ नका, पाठ वेगळे.

हायस्कूलची_बाई

हा धागा शाळेतल्या मैत्रिणीनं पाठवला, त्यामुळं लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कुलात आठवीला गणित शिकवते. गुरुजी म्हणाले तो "आठवीचा जून" माझ्या वर्गात उजाडतो, म्हणून तिथं काय होतं ते सांगते.

पहिल्या आठवड्यात मी फळ्यावर एक भागाकार देते. ६१२ भागिले ६. बऱ्याच वह्यांत उत्तर येतं १२. मधला शून्य गेला. मुलांना भागाकाराच्या पायऱ्या पाठ आहेत, पण सहाशेला सहानं भागलं की शंभर होतात आणि म्हणून उत्तर बाराच येणं शक्य नाही, हे डोक्यात येत नाही. मग एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश देते. उत्तर येतं दोन पंचमांश. वर वर, खाली खाली, बेरीज करून मोकळे. अर्ध्यात काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी आलं, तरी कुणाला खटकत नाही. ही मुलं सातवीत पास आहेत, काही तर चांगल्या गुणांनी. आठवीत मला बीजगणित सुरू करायचं असतं. कशावर करू?

यातला भागाकार चौथीत ढिला राहिलेला असतो आणि अपूर्णांक पाचवीत. म्हणून "सातवीची तयारी" सातवीत करता येतच नाही, त्या वर्षी फक्त सराव होतो. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, तिसरी ते पाचवी ही खरी तयारीची वर्षं, पण प्रश्नपत्रिका घेऊन बसायची नव्हेत. सहावी-सातवीत पेपर लिहायचा सराव, तोही सहामाहीनंतर. चौथीतल्या पोराला तीन तासांचा पेपर सोडवायला लावणारे क्लास आहेत. त्यांतून आलेली मुलं मला लगेच ओळखू येतात. उत्तर लवकर देतात आणि "का?" विचारलं की गप्प होतात.

दुसरं, सातवीच्या गुणांना काही किंमत नाही असं समजू नका. एनएमएमएस नावाची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे. परीक्षा आठवीत असते, पण बसायला सातवीत ५५ टक्के लागतात (अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के सूट). सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच मिळते, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. बुद्धिमत्तेचे ९० प्रश्न आणि शालेय विषयांचे ९०. आमच्या भागात किती पालकांना हे माहीत आहे? शाळेनं फॉर्म भरला तर भरला. सातवीच्या वर्षासाठी धडपड करायचीच तर ह्यासाठी करा. आणि लक्षात घ्या, नवोदय किंवा सरकारी निवासी शाळेतल्या मुलांना ही शिष्यवृत्ती नाही, त्यामुळं पाचवीत निवड झाली नाही त्यांनाच हे दार उघडं आहे.

तिसरं कन्नड. ते लिहायला घेतलं तर धागा पेटेल, तरी लिहिते. मोरारजी शाळांच्या प्रवेश परीक्षेला कन्नड वाचता आलं नाही तर अवघड आहे. पुढं एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाला, कन्नडचा पेपर आहे. आमच्या शाळेत गणितात पैकीच्या पैकी घेणारी मुलगी कन्नडमध्ये काठावर अडकते, कारण अक्षरओळख सातवीपर्यंत कशीबशी झालेली. भाषा ही एकच गोष्ट अशी आहे की जिला खरोखर लहानपणीच सुरुवात करायला पाहिजे.

काळा_दिन_आठवतो

बाई, मराठी शाळा टिकाव्यात म्हणून लोक मार खातात आणि तुम्ही चौथीच्या पोरीला कन्नडची तयारी करायला सांगताय. आमच्या गावच्या शाळेत मराठी शिक्षकांच्या जागा रिकाम्या आहेत. ते आधी बोला. मराठी पुस्तकं कधी येतात ते बोला. सातवीची तयारी कशानं करायची, पुस्तकच नसंल तर?

हायस्कूलची_बाई

दादा, शिक्षक आणि पुस्तकांबद्दल तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत. मी स्वतः जुनी पुस्तकं गोळा करून जूनमध्ये वाटते. पण पेपर मुलीला लिहायचा आहे, तुम्हाला-मला नाही. २०१५ चा कन्नड भाषा शिक्षण कायदा २०१७-१८ पासून पहिलीपासून एकेका वर्गानं वर चढतोय. तो आवडला नाही तरी मुलीच्या वर्गात आहे. मराठी भक्कम करा आणि कन्नड येऊ द्या. ज्याला मराठी वाचता येत नाही त्याला कन्नडही लवकर येत नाही, हे मी वर्गात बघते.

धागापाल

भाषेच्या हक्कांवर आधीचा मोठा धागा आहे, तो वाद तिकडं. इथं ताईंच्या मुलीच्या अभ्यासापुरतं बोलूया. (शिक्षक-पुस्तकांचा मुद्दा इथं चालेल.)

जांबोटीरोड

बापरे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. नवोदयच्या तिसरी-चौथी-पाचवीचं मला अजिबात माहीत नव्हतं, जाऊबाईंना पण नसावं.

दोन शंका. माझी मुलगी आता कुठं आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? प्रगतिपत्रकात सगळीकडं चांगलंच लिहिलेलं असतं. आणि मला कन्नड बोलता येतं बाजारापुरतं, वाचता येत नाही. मग मी काय शिकवणार?

निवृत्त_हेडमास्तर

सोपं आहे. तिच्या पाठ्यपुस्तकातला पाठ देऊ नका, तो तिला तोंडपाठ असतो. 'तरुण भारत'मधली गावाकडची एखादी साधी बातमी द्या आणि घड्याळ लावून मोठ्यानं वाचायला सांगा. तिसरी संपताना मिनिटाला साठेक शब्द अर्थ समजून वाचता यावेत, असं केंद्र सरकारच्या निपुण भारत मोहिमेत ठरवलंय. मग पेपर मिटून विचारा, काय झालं, कुठं झालं, कोणाचं नुकसान झालं. वाचलं पण सांगता आलं नाही, तर गाडी अक्षरावर अडकलीय. रोज पंधरा मिनिटं तेवढंच करा, बाकी सगळं थांबलं तरी चालेल.

गणिताला बाईंचा ६१२ द्या. चौथीच्या सुरुवातीला चुकला तर घाबरू नका, शेवटाला चुकता कामा नये. उत्तर आलं की "बरोबर कशावरून?" विचारा. बाराला सहानं गुणून दाखव म्हणा. आपली चूक आपणच धरायची सवय लागली की क्लासचे निम्मे पैसे वाचले. घरात म्हैस असेल तर डेअरीची पावती तिच्याकडं द्या. लिटर, फॅट, दर आणि आठवड्याचा हिशेब. दशांश ह्याहून चांगला कोणत्या पुस्तकात आहे? बचत गटाची वही असेल तर तीही. आणि पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे. हसू नका, ज्या पोरांनी त्या म्हटल्या त्यांना अपूर्णांकाची भीती कधी वाटली नाही.

कन्नडचं म्हणाल तर तुम्ही शिकवायचं नाही, तिच्याकडून शिकायचं. संध्याकाळी तिनं तुम्हाला रोज दोन-चार अक्षरं शिकवायची. मास्तर व्हायला मुलांना फार आवडतं. बसवरची पाटी, दुकानाची पाटी, रेशनची पावती, सगळीकडं कन्नड आहे. खानापूरला गेलात की पाट्या वाचत चला.

वेळेचं एक सांगतो. आपल्याकडं वर्षाचा अभ्यास सारखा पसरून होत नाही. रोप लावणीत घरात कोणी नसतं, जुलै-ऑगस्टात पावसानं शाळा बुडते, गणपतीत पोरं हातात नसतात, मग सुगी. तेव्हा फक्त वाचन आणि पाढे ठेवा. गणिताचं जड काम सुगी आटोपली की, डिसेंबर ते मार्च. आणि उन्हाळी सुट्टीत सकाळचा एक तास, काजू-आंब्याला जायच्या आधी.

घटप्रभा_पॅसेंजर

गुरुजी, पावकी म्हणजे काय ते माझ्या पोराला विचारलं. म्हणाला कसली तरी पावडर असंल.

अनगोळची_आत्या

मी शहरातली, त्यामुळं दुसरी बाजू सांगते. आमच्याकडं सातवीनंतर मराठी माध्यमातून इंग्रजीत टाकायची लाट आहे. जायचंच असेल तर सहावीतच गणित-विज्ञानाचे इंग्रजी शब्द कानावर घाला. लसावि म्हणजेच एलसीएम, छेद म्हणजे डिनॉमिनेटर, एवढं माहीत नसल्यामुळं माझी पुतणी आठवीत सहामाहीपर्यंत मुकी बसली होती. गणित तिला येत होतं. फळ्यावरचं कळत नव्हतं. वहीच्या शेवटच्या पानावर दोन्ही शब्द लिहीत गेली असती तर त्रास झाला नसता.

पण माध्यम बदलायचं की नाही हे सातवीच्या मार्चमध्ये शेजारणीच्या सांगण्यावरून ठरवू नका. सहावी संपताना ठरवा, म्हणजे एक वर्ष हाताशी राहतं. बदलायचं नसेल तर तेही तेव्हाच ठरवून टाका आणि मुलीला सांगा. टांगती तलवार नको.

हायस्कूलची_बाई

आत्या अगदी बरोबर. आणि मुलीच्या बाबतीत अजून एक. सातवीनंतर ज्या मुली गळतात त्यातल्या बऱ्याच अभ्यासामुळं नव्हे, रस्त्यामुळं गळतात. शक्ती योजनेत जून २०२३ पासून मुलींना बस फुकट आहे, पण शाळा सुटायच्या वेळेला बस नसेल तर फुकट काय कामाची! सातवीच्या वर्षीच गावातल्या चार-पाच मुलींच्या आया मिळून हायस्कूल ठरवा, एकाच शाळेत घाला. सगळ्या मिळून डेपोत अर्ज द्या. एकटीच्या अर्जाकडं कोणी बघत नाही.

जांबोटीरोड

ठरलं. काल संध्याकाळी बातमी वाचायला दिली. वाचलं छान, सांगितलं पण. ६१२ चं उत्तर १२ आलं. मग "बाराला सहानं गुण" म्हटल्यावर स्वतःच पेन्सिल तोंडात घालून बसली आणि थोड्या वेळानं १०२ लिहून आणलं. खानापूरचा क्लास नको म्हणून ह्यांना सांगितलंय, ते तर खूशच, पैसे वाचले म्हणून. पण नवोदयचा फॉर्म पाचवीत भरायचा, तेवढं मी पक्कं केलंय. दिवाळीनंतर आकृत्या सुरू करेन. चंदगडचे भाऊ, तुमची बुद्धिमत्तेची जुनी पुस्तकं बेळगावात कोणाकडं मिळतील का?

चंदगडी_पाहुणा

बहिणीकडं पडून आहेत, निरोप पाठवा. मध्ये पेन्सिलीनं उत्तरं लिहिलेली आहेत ती खोडून द्यायला सांगतो.

निपाणीची_लेक

ताई, कागदपत्रांचं आताच बघून ठेवा. आधार आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव, जन्मतारीख एकसारखी आहे का? आमच्याकडं एकीकडं मराठी पद्धतीचं आडनाव आणि दुसरीकडं गावावरून लावलेलं, असं निघालं होतं. फॉर्मची मुदत संपत आल्यावर दुरुस्तीसाठी पळापळ होते. फॉर्मवर मुख्याध्यापकांची सही-शिक्का लागतो, त्यात तिसरीपासून कोणत्या शाळेत शिकली तेही भरायचं असतं.

हलकर्णी_नाका

उशिरा आलो. माझा मुलगा सहावीत आहे, अपूर्णांकात तोच दोन पंचमांशवाला घोळ करतो. नवोदय वगैरे गेलंच. आता उशीर झाला म्हणायचं का?

हायस्कूलची_बाई

अजिबात नाही, अजून पावणेदोन वर्षं आहेत. सहावीचं पुस्तक बाजूला ठेवा आणि पाचवीचं अपूर्णांकाचं प्रकरण काढा, लाजायचं नाही. भाकरी किंवा कागदाच्या घड्या घेऊन आधी दाखवा, मग वहीत. ते जमलं की दशांश, मग शेकडेवारी. ह्या तीन गोष्टी दिवाळीपर्यंत झाल्या तर सहावीचं पुस्तक तो स्वतःच पुढं नेईल. सातवीत ५५ टक्क्यांच्या वर राहू द्या आणि आठवीच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षकांना एनएमएमएसचं विचारा. कन्नड कितपत वाचतो ते कळवा, त्यावर पुढचं सांगते.